शिशावर नारळपाणी

चाळीस वर्षं समुद्राने माझ्या बाला काही केलं नाही. ते काम मी एका रविवारी सकाळी, मॉरिशसमधल्या सुरिनाम गावी आमच्या अंगणात, चहाच्या आधी उरकलं.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. मी पोर्ट लुईच्या सरकारी कचेरीत कारकून, म्हणजे गावात साहेब! बा अजून रोज आपली पिरोग घेऊन मासे मारायला जायचा. होडी डुलू नये म्हणून तळाशी दगड ठेवायचा. लाट आली की दगड घरंगळून त्याच्याच घोट्यावर. मला (वर्षातून दोनदा होडीत बसणाऱ्याला!) ते बघवेना. मी जाहीर केलं, दगड बंद, आता शिसं. तळाच्या मापाचे ठोकळे ओतू, जागचे हलणार नाहीत.

बा नको नको म्हणत होता. पण पोरगा पहिल्यांदाच हाताने काही करतोय म्हटल्यावर त्यानेच चूल मांडून दिली. जाळ्याची वजनं तो स्वतः ओतायचा, त्यामुळे एवढंच बजावलं, "लेका, पाण्याचा थेंब लागता कामा नाय." दोनदा बजावलं. मी म्हणालो, मला शाळेत विज्ञान होतं.

कढईत शिसं वितळून चकाकायला लागलं आणि आई नारळ घेऊन आली. होडीत नवी वस्तू जाणार, ती नारळ वाढवल्याशिवाय कशी जाईल? एरवी मी असल्या गोष्टींना हसायचो. त्या दिवशी मात्र मला यशस्वी माणसाचा उदारपणा आला होता. आईने अंगणात ओढून ठेवलेल्या होडीवर पाणी शिंपडलं आणि करवंटी माझ्या हातात दिली. होडीला मान, मग कढईने काय घोडं मारलंय? असा विचार करून मी चांगलं ओंजळभर पाणी घेतलं.

"आरेते!" बा ओरडला. (घाबरला की त्याला 'थांब'सुद्धा क्रिओलमध्येच सुचायचं.) ओरडतानाच त्याने मला ढकललं, पण पाणी हातातून सुटलं होतं. कढई जी उसळली, ती खुराड्यावर, शेजाऱ्याच्या पपईवर, वाळत घातलेल्या माझ्या कचेरीच्या शर्टावर! मला एक शिंतोडा नाही. माझ्या जागी बा उभा होता, अनवाणी.

पाय बरा झाला म्हणतात, तेवढाच झाला. डुलत्या होडीत उभं राहायला तो पुन्हा उपयोगी पडला नाही. होडी विकली. बा ओसरीत रस्त्याकडे तोंड करून बसायला लागला, समुद्राकडे खुर्ची वळवू द्यायचा नाही. मला माझीच लाज वाटायची, अजून वाटते.

गाव भेटायला आलं. बा प्रत्येकाला एकच सांगायचा, "माझ्याच हातून पाणी सांडलं. वय झालं." मी शेजारी उभा राहून चहा वाटत होतो.

शेजारचे सखारामकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू शिकलेला, तूच समजाव त्याला. या वयात असले उद्योग करतात काय?"

मी मान हलवली आणि म्हणालो, "किती वेळा सांगितलं, काका. ऐकतच नाही."