अक्काचे करंडे

फोन शेजारच्या किराणा दुकानात आला. दुकानदार निरोप घेऊन आला आणि दारातच घुटमळला, तेव्हाच मी समजलो. माझी थोरली बहीण, धुळ्याची अक्का, सकाळी चहा घेता घेता गेली होती... चाळीसगावच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघताना मला रडूही येईना. आता महिना उलटल्यावर एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहते.

भावजी कातारी होते. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथवर लाटणी, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय कातायचे. ऐंशीच्या दशकात काविळीने गेले. दोन मुली लहान. सासरच्यांनी लेथसाठी गिऱ्हाईक आणलं, तर अक्काने शेडला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली आणि पुढे स्वतःच लेथवर उभी राहिली. भावजींना पटाशा देता देता ती सगळं बघत आली होती. लाटणी जमली, पण लाटण्यांना धुळ्यात तोटा नव्हता. तिच्या मनात कुंकवाचे करंडे होते. लाटणं दोन टोकांना धरून कातता येतं; करंडा आतून पोकळ करायचा, तर लाकूड एकाच बाजूने पकडावं लागतं. त्यासाठी लाकूड जबड्यांत धरणारा चक हवा.

तो घ्यायला आम्ही दोघं जळगावला गेलो. जुन्या मशिनींच्या दुकानात म्हातारे हमीदचाचा बसले होते. अक्काने नवा चक हातात घेऊन बघितला, किंमत ऐकून खाली ठेवला आणि कोपऱ्यातल्या गंजलेल्या स्वस्त चककडे बोट दाखवलं.

"बेटी, याचा एक जबडा झिजलाय," चाचा म्हणाले. "लाकूड धरेल, पण कधी सोडेल सांगता येत नाही."

"सध्या हाच झेपतो, चाचा."

चाचांनी तो घासूनपुसून, तेल घालून दिला. परतीच्या एसटीत तो मांडीवर घेऊन अक्का हसत होती. भावजी गेल्यावर ती पहिल्यांदाच हसताना दिसली...

चाचांचं म्हणणं पहिल्याच आठवड्यात खरं झालं. फिरता ठोकळा सुटून अक्काच्या हातावर आदळला आणि डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झाली. हात बरा होताच तिने झिजलेल्या जबड्याखाली पत्र्याची पट्टी बसवली, लेथ हळू चालवला आणि करंडे केले. शिसवीचे, सुबक, घट्ट झाकणाचे.

बाजारात त्या दिवशी मीही तिच्याजवळ बसलो होतो. एका बाईने करंडा पसंत केला, पिशवीतही टाकला. मग अक्काच्या मोकळ्या कपाळाकडे बघून विचारलं, "कोणी बनवलाय?"

"मन्हा हातना शे," अक्का आपले हात पुढे करून म्हणाली. "पटनं ते ल्या."

बाईने करंडा काढून परत ठेवला. अक्काने तो पदराने पुसला आणि पुन्हा रांगेत मांडला. पुढे करंडे तिने एका दुकानदाराला दिले. तो ते कोणी केले हे सांगत नसे आणि सगळे खपत. त्यावर दोन्ही मुलींची लग्नं झाली. पण दुकानावरून जाताना अक्का कधी आत बघायची नाही.

माझ्या सुमनचं लग्न ठरलं तेव्हा अक्का आहेर म्हणून लाटणं घेऊन आली. सुमन हटून बसली, "आत्या, मला करंडाच हवा. तुझ्याच हातचा." अक्काने तो केला. लग्नाच्या दिवशी मांडवात जायच्या आधी सुमनने तो उघडून तिच्यापुढे धरला. "तूच लाव."

अक्काने बोट कुंकवात बुडवलं. हात वर आणला... आणि तसाच मागे घेतला. "नको गं, बाया बघताय," म्हणत बोट पदराला पुसलं.

गेल्या आठवड्यात शिरपूरला सुमनकडे गेलो होतो. सकाळी ती आरशासमोर बसली होती. कुंकू लावून झालं, झाकण बसवलं, तरी ती उठली नाही. करंडा मुठीत धरून डोळे मिटून बसली होती. मी दारातूनच मागे फिरलो.