मावसाजींचे अंगठे

दुर्गपासून रायपूरपर्यंत आमच्या मावसाजींइतका कौतुकाचा भुकेला, आणि ते कौतुक इतक्या उघडपणे मागून घेणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर सुनेने त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला आणि सोशल मीडियावर खातंही उघडून दिलं. त्यांनी पहिला फोटो टाकला तो नव्या एअर फ्रायरचा. त्याला भराभर लाइक आले. पुण्याच्या विहीणबाईंनी तर खाली 'हार्दिक अभिनंदन' असं लिहिलं. झालं! मावसाजींच्या भिलाईतल्या रुआबांधा वस्तीतल्या घरी त्या दिवसापासून खोक्यांची रीघ लागली.

वस्तू वापरण्यासाठी घेतात, हे त्यांना मान्यच नव्हतं. खोकं उघडताना मावशीने फोन धरायचा, मावसाजींनी इस्त्रीचा शर्ट घालून कात्री चालवायची आणि "देखो दोस्तो" अशी हिंदीत सुरुवात करायची. मराठीत बोललं की लाइक कमी येतात, हा त्यांचा शोध. ट्रेडमिलवर ते एकदाच चढले, तेही ती बंद असताना. पुढे मावशीने तिच्यावर पापड वाळत घातले. आपोआप फिरणारं झाडूचं यंत्र आलं, तेव्हा फोटोसाठी त्याला झेंडूचा हार घातला. ते बिचारं हारात गुरफटून सोफ्याखाली जाऊन बसलं. "घरात पाय ठेवाले जागा नाही," मावशी म्हणायची, "आन हे दोस्तो-दोस्तो करून राहिले!"

मी राहतो जवळच जुनवानीला; फोटो टाकला की पाच मिनिटांत मला फोन यायचा.

"पाह्यला का?"

"पाह्यला, मावसाजी."

"मंग अंगठा कावून नाही देल्ला?"

"ऑफिसात काम करून राहिलो होतो."

"अंगठा त रिकामाच होता न!"

माझ्या साळ्याने एकदा लागोपाठ तीन फोटोंना दाद दिली नाही. मावसाजी स्कूटर काढून त्याच्या घरी गेले, चहा प्यायले, त्याचा फोन मागून घेतला, स्वतःच तीन अंगठे दाबले आणि "थँक्यू बरं का" म्हणून परत आले.

मग ज्यूसर आला. त्याचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा होता. मावसाजींनी बिटाचे तुकडे टाकले, बटण दाबलं आणि झाकण लावायचं राहून गेलं. पांढरा शर्ट, चष्मा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं लालभडक झालं. "फोन हालवू नको" अशी ताकीद असल्याने मावशीही जागची हलली नाही. मावसाजी चष्मा न पुसताच म्हणाले, "तो दोस्तो, मोटर पॉवरफुल है."

तो व्हिडिओ अहिवाऱ्यापासून नागपूरपर्यंत पसरला. खोटं कशाला बोलू, मीही चारदा पाहिला आणि तिघांना पाठवला.

त्यानंतर मात्र मावसाजींचा फोन येणं बंद झालं. आठवडा गेला तशी मलाच चुटपुट लागली, म्हणून रविवारी रुआबांध्याला गेलो. ते अंगणात खुर्चीवर बसले होते.

"मावसाजी, तुमाले त लाइकचा पाऊस पडला!"

"ते हसून राहिले रे मले."

मी समोरच्या पायरीवर टेकलो. ते म्हणाले, "बत्तीस वर्षं क्रेन चालवली. वितळलेल्या लोखंडाची भरली हंडी, खाली माणसं. एक थेंब सांडू देल्ला नाही. कोणाले दिसलं नाही. आन गिलासभर बिटाचा रस सांडला, त अख्खी भिलाई पाहून राहिली."

"कशी चालवत होते हो तुमी ते?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

मी थट्टा तर करत नाही ना, हे त्यांनी आधी पाहून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही हात हवेत धरले. डाव्या हाताने क्रेन पुढे न्यायची, उजव्याने हंडी उचलायची. "झुल्यावानी झुलते ते. तिले रोकाचं नाही, तिच्यासंगं जा लागते... हां, बाजूला हो!" मी खरोखरच उठून बाजूला झालो. मावसाजींनी ती हंडी अंगणाच्या या टोकावरून त्या टोकाला नेली आणि तुळशीजवळ अलगद टेकवली.

मावशी चहा घेऊन दारात केव्हा आली, कळलंच नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ती हे पहिल्यांदाच पाहत होती.

"इतक्या वरून खाली पाहाले भेव नाही वाटे?" तिने विचारलं.

मावसाजींनी हात हळूच मांडीवर ठेवले. "वाटे न. रोज वाटे. पण सांगतलं असतं, त तू डबा भरून मले धाडलं असतं का?"