गोडनिंबाचे वकील

"पुरावा काय?"

भिंतीवर काठी वाजायची, पांढरं डोकं वर यायचं आणि हा सवाल पडायचा. दूध नासलं म्हणा, नळ आला नाही म्हणा, वकीलसाहेब पुरावा मागणार. "ऊन लय हाये आज," असं म्हटलं तरी मागायचे. बाळापुरात, भर मे महिन्यात! असा माणूस तुमच्याही गल्लीत एखादा असेल. नसेल तर सुखी आहात.

आमच्या दोन घरांत एक छातीएवढी भिंत. पलीकडे ते, रिटायर झालेले वकील, एकटेच. अलीकडे मी, ट्रॅक्टरचा मिस्त्री, सातवीतून शाळा सोडलेला. शेजार जुना, पण बोलणं सगळं माझ्या बायकोचं. ती भिंतीवरून फांदी द्यायची, ते बिया द्यायचे. मी गॅरेजातून यायचो, हात धुवायचो, जेवायला बसायचो. अंगणात काय लागलं आहे ते मला ताटात आल्यावर कळायचं.

होळीच्या आधी ती गेली. ताप आला, अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, आणि परत आणली ती ॲम्बुलन्समध्ये. तेरवी झाली, पोरी आपापल्या घरी गेल्या. मागं मी राहिलो आणि तिच्या कुंड्या राहिल्या.

त्यात गोडनिंब तिचा लाडका. तुम्ही कढीपत्ता म्हणता तो. डिझेलचा ड्रम मीच अर्धा कापून दिला होता, त्यात तिनं लावला. माझ्या डोक्याच्या वर गेला होता. वरणाला फोडणी द्यायची वेळ झाली की ती तेल गॅसवर तसंच ठेवून धावत बाहेर यायची, दोन डहाळ्या तोडायची, आणि तेल जळालं म्हणून माझ्यावर ओरडायची. माझा काय संबंध? पण ओरडायची. आता घरात तिचं असं जिवंत काही उरलं असेल तर ते हे झाड होतं. साड्या पोरींनी नेल्या, चपला कोणाला तरी देऊन टाकल्या. मी ठरवलं, बाकी काही जमो न जमो, हे झाड मरू द्यायचं नाही.

म्हणून पाणी द्यायला लागलो. आमच्या बोअरला पाणी भरपूर. मोटर लावायचो, पाइप ड्रमात सोडायचो आणि बाजूला बसून राहायचो. सकाळी द्यायचो, संध्याकाळी द्यायचो, दुपारी पान मलूल दिसलं की पुन्हा द्यायचो. झाड पिवळं पडलं. पानांच्या कडा जळाल्यासारख्या झाल्या. मी अजून पाणी दिलं. तेल्हाऱ्याला मेहुण्याचं वावर आहे, तिथून पोतंभर काळी माती आणून वर थापली. चांगली माती पाहिजे ना झाडाला! पानं गळायला लागली.

तेव्हा भिंतीवर काठी वाजली.

"मिस्त्री, काय करून राहिले तुम्ही?"

"पाणी देऊन राहिलो. दिसत नाही का?"

"दिसते ना. खून करून राहिले."

माझं डोकं फिरलं. "वकीलसाहेब, तोंड सांभाळून बोला. तिचं झाड हाये ते. जिवापाड जपून राहिलो मी."

"पुरावा काय?" त्यांनी काठी भिंतीवरून आत घालून ड्रमाच्या कडेला टेकवली. "ते पांढरं काय साचलं आहे तिथं? चाटून पाहा."

मी रागारागात चिमूटभर उचललं आणि खरंच जिभेवर ठेवलं. मीठ.

"खारपाण पट्ट्यात जन्म गेला तुमचा," ते म्हणाले. "बोअरच्या पाण्याचा चहा करत नाही, डाळ शिजवत नाही. झाडाला मात्र पाजता! कपडे धुवा त्यानं. वहिनींनी कधी त्याचा थेंब घातला नाही त्या झाडाला."

"मग काय घाले ती?"

"तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं पाणी. आणि नळ आला की एक घागर बाजूला झाकून ठेवायच्या, झाडांची म्हणून. तुम्हाला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. ओट्याखाली ताटली झाकलेली घागर मी रोज पाहत होतो. मला वाटायचं, पाहुण्यारावळ्यासाठी असेल. माझ्या बायकोच्या घागरीचा हिशोब भिंतीपलीकडच्या माणसाला ठाऊक, आणि मला नाही. डोळ्यांत कचरा गेल्यासारखं झालं.

"माह्या बायकोचं मले तुमी सांगता काय!" असं म्हणून मी घरात गेलो आणि दार आपटलं.

पाच मिनिटांनी बाहेरून आवाज आला, "मिस्त्री, राग राहू द्या. मोटर बंद करा!"

दुसऱ्या दिवशी मी प्लास्टिकची खुर्ची भिंतीला लावली, बसलो आणि म्हटलं, "सांगा."

असं माझं शिकणं सुरू झालं, या वयात. शिकवायची त्यांची रीत कोर्टातली. सरळ सांगायचं नाही, उलटतपासणी घ्यायची. "काळी माती काहून टाकली?" मी म्हटलं, "कापूस होते तिच्यात, झाड नाही होणार?" त्यांनी मला एक सुकलेलं ढेकूळ उचलायला लावलं आणि फरशीवर टाकायला लावलं. फुटलं नाही. "वावरात ठीक आहे, तिथं तिला फाटायला जागा आहे," म्हणाले. "ड्रमात ती सिमेंट होते. मुळाला श्वास घ्यायला जागा कुठं?" मग नदीची रेती, जुनं शेणखत आणि थोडीशीच काळी माती असं मिसळायला लावलं. ड्रमाच्या बुडाची भोकं चिखलानं बुजली होती, ती सळईनं मोकळी करायला लावली.

गोडनिंबासाठी मला धीर धरवत नव्हता, म्हणून म्हणाले, "तोवर सांबार लावा, लवकर येते." सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडं तसंच म्हणतात. मी किराण्यातले धने आणून टोपल्यात टाकले. काहीच उगवलं नाही. सवाल आला, "अख्खे टाकले? एका धन्याचे दोन भाग असतात. चपलेखाली रगडून फोडायचे, मग पेरायचे." मी रगडले. मिस्त्रीचा पाय आहे. त्यांनी भिंतीवरून पाहिलं आणि म्हणाले, "मिस्त्री, पेरायचं आहे. मसाला नाही करायचा."

त्यांच्या टमाट्यांवर वानरं यायची. वकीलसाहेबांनी आपला जुना काळा कोट एका बांबूला अडकवून वाफ्यात उभा केला. वानरं काही भ्यायली नाहीत, पण संध्याकाळच्या अंधुक उजेडात रस्त्यानं जाणारे लोक त्या कोटाला नमस्कार करायचे. एकदा एक वानर त्या कोटाच्या खांद्यावर बसून टमाटा खात होतं. ते शांतपणे पाहत राहिले आणि म्हणाले, "हा जामिनावर सुटलेला दिसते."

तिच्यामागं मी पहिल्यांदा हसलो तो त्या दिवशी. हसलो आणि लगेच वाईट वाटलं.

गोडनिंब काही सावरत नव्हता. माती बदलली, गोडं पाणी दिलं, तरी वरून वाळतच चालला. मृग लागून गेल्यावर त्यांनी मला नखानं साल खरवडायला लावली. वर खरवडली, आत तपकिरी. मध्ये खरवडली, तपकिरी. पार खाली, गुडघ्याच्या उंचीला, एक हिरवी रेघ दिसली.

"तिथवर जिवंत आहे," ते म्हणाले. "मुळं अर्धी जळाली आहेत. एवढा डोलारा त्यांच्यानं पोसवत नाही. गुडघ्याएवढं ठेवा, वरचं कापा."

"नाही कापणार."

"मग मरेल."

"मरू द्या. तिनं डोक्याच्या वर नेलं, आन् मी गुडघ्यावर आणू? तिनं काय बिघडवलं माहं?"

ते काठी टेकत आत गेले. पण रोज काठी वाजायची. "अपिलाची मुदत संपत आली, मिस्त्री." एवढंच म्हणायचे आणि जायचे. मी म्हटलं, "मग तुमीच कापा ना." तर म्हणाले, "मी हात लावणार नाही. ज्याचं आहे त्यानं कापावं."

एका संध्याकाळी मी गॅरेजातली आरी काढली. ते फाटकातून फिरून आमच्या अंगणात आले, काठी टेकत, आणि खुर्चीवर बसले. आरी चालली तसा वास सुटला. वाळलेल्या झाडाला कुठून एवढा वास राहिला होता कोण जाणे. सगळं अंगण फोडणी दिल्यासारखं झालं. तेल जळालं म्हणून आतून कोणीतरी ओरडेल असं वाटलं. कोणी ओरडलं नाही. वरचं झाड माझ्या हातात आलं आणि मी तिथंच, ड्रमाला धरून, खाली बसलो. घाटावर रडलो नव्हतो. लोक म्हणाले होते, मिस्त्री दगड आहे.

ते दुसरीकडं पाहत बसले. मग घसा खाकरला.

"मिस्त्री, जरा सरकून रडा. पाणी ड्रमात पडून राहिलं. तेही खारंच आहे."

मला हसू आलं. नाक वाहत होतं आणि मी हसत होतो. तेव्हाच त्यांनी पहिल्यांदा आपल्या बायकोचा विषय काढला. "ती गेली तेव्हा मी काहीच कापलं नाही. एका पानाला हात लावला नाही. सगळं वाळलं. आज माझ्याकडे दिसते ते सगळं नंतरचं आहे."

मी उठून आत गेलो. चहा केला. साखर जास्त झाली होती. त्यांनी पुरावा मागितला नाही.

त्या आठवड्यात आमचा नळ आला नाही. त्यांच्या टाकीत गोडं पाणी होतं. ते बादली भिंतीवर चढवून मला द्यायचे. अर्धी बादली त्यांच्या सदऱ्यावर. मी म्हणायचो, "राहू द्या, मी येतो तिकडून." म्हणायचे, "तुम्ही झाडाजवळ थांबा."

खोड नुसतं खुंटासारखं उभं. मी विचारलं, "कधी फुटेल?"

"जन्मभर तारखा घेतल्या मी," ते म्हणाले. "झाडाला तारीख मागता येत नाही."

मग एका सकाळी काठी वाजली नाही. मी चहा पिऊन वाट पाहिली. हाक मारली. फाटकातून फिरून गेलो तर ते वांग्याच्या वाफ्याजवळ पडले होते. तोंड वाकडं झालं होतं, एका पायात चप्पल होती. ऑटोत घालून अकोल्याला नेलं. जीव वाचला, बोलणं गेलं. अमरावतीहून लेक आली आणि त्यांना घेऊन गेली. फाटकाला कुलूप लागलं.

पोळ्याच्या सुमारास खुंटाच्या बुडाशी काहीतरी टोचल्यासारखं दिसलं. मी चष्मा पुसला. तांबूस कोंब, एक नाही, दोन. मी भिंतीकडं पाहिलं. काळा कोट एकटाच उभा होता.

अमरावतीला फोन लावला. लेकीनं फोन त्यांच्या कानाला लावला. मी जोरात म्हटलं, "वकीलसाहेब, फुटला!" पलीकडं नुसता श्वास. "दोन फुटले! तांबूस कोंब हायेत!" श्वास. मी सांबार कसा आला आहे ते सांगितलं, वानरं येऊन गेली ते सांगितलं. मग लेक म्हणाली, "काका, ऐकलं त्यांनी." मी बरं म्हणून फोन ठेवला.

हिवाळ्यात ते गेले. तेरवीला मी अमरावतीला गेलो. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. स्वच्छ, चकचकीत, चिमूटभर माती सापडायची नाही. त्यांचा पलंग अजून खिडकीशीच होता, गादी काढलेली. समोर खिडकीच्या कट्ट्यावर एक कुंडी होती. लाल फुलं, हिरवीगार पानं. जवळ गेलो. प्लास्टिकची.

लेक माझ्या मागं येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"बाबांसाठी आणली होती, काका. झाडांशिवाय करमत नसेल त्यांना, असं वाटलं. सारखा तिच्याकडे हात करायचे, अं अं करायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा. इतकी आवडायची. मी रोज पुसून ठेवायची."

तो हात काय म्हणत होता ते मला समजलं. समजणार नाही कसं? दिवसभर डोळ्यांपुढं ती फुलं, आणि फेकून द्या म्हणायला जीभ नाही.

मी तोंडाचा फाटका माणूस आहे. मनात आलं ते आजवर कोणाला सोडलं नाही. पोरगी माझ्या तोंडाकडं पाहत होती.

मी कुंडी उचलली. फुलांच्या खाचेत थोडी धूळ राहिली होती. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ती पुसली.

"हो बाई," म्हटलं, "लय आवडली असंल त्यायले."

आणि जिथं होती तिथंच, पलंगाकडं तोंड करून, परत ठेवली.