नववं प्रकरण

हॅम्बर्गला आम्ही दोघी एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. माझं संशोधन बंदराच्या पाण्यावर, तिचं इतिहासात. ती पोलंडची. स्वतःच्याच गावाचा युद्धकाळ इंग्रजीत लिहीत होती, आणि "तू इतिहासातली नाहीस, तुला कळलं तर सगळ्यांना कळेल" असं म्हणून तिने सगळा मजकूर माझ्या गळ्यात मारला.

पहिली आठ प्रकरणं मी एका दमात वाचली. गल्लीगल्लीने गाव उभं केलेलं. गिरणी, शाळा, चर्च, बाजारचौक. कोण कुठे लपलं, कोणाला भिंतीशी उभं करून गोळी घातली, सगळं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण त्या गावातली निम्मी माणसं ज्यू होती, आणि आठ प्रकरणांत त्यांच्यातलं कोणी साधा ब्रेड विकतानाही दिसेना. ती सगळी नवव्या प्रकरणात. तिथे एकदम येतात, घेट्टोत, म्हणजे कुंपणाआडच्या वस्तीत कोंबली जातात, आगगाडीने मृत्युछावणीत नेली जातात आणि कोणीही परत येत नाही.

"अगं, चौकातली दुकानं कोणाची होती?" मी विचारलं.

"ज्यूंचीच. पण त्यांना वेगळं प्रकरण दिलंय ना! आदराने दिलंय. आणि आमचे लोक काय कमी मेले? बाहेरच्यांना ते दिसतच नाही."

आदराने वेगळं! माझं डोकंच फिरलं. आमच्या गावाची स्मरणिका निघाली तेव्हा देवळापासून दूध डेअरीपर्यंत सगळं आत, आणि आमची बौद्ध वस्ती शेवटच्या पानावर. तेव्हा सरपंचही हेच म्हणाले होते, स्वतंत्र पान दिलंय की. वर माझ्या वडिलांनी त्यांचे आभार मानले. त्याचा राग मला अजून येतो.

"तुमचे लोक मेलेच," मी म्हटलं, "पण हेही तुमच्याच गावचे होते. ज्या घरातून नेलं, त्या घरापाशी लिही."

ती चिडून म्हणाली, तसं लिहिलं तर तिसऱ्या प्रकरणात आमचंच घर येतं. ते एका ज्यू शिंप्याचं होतं. त्याच्या कुटुंबाला नेल्यावर तिच्या आजोबांना मिळालेलं. तिची आई अजून तिथेच राहत होती.

पुढे कितीतरी दिवस नुसती टाळाटाळ. भांडी घासताना मी विषय काढला की ती नळ मोठा सोडायची. मीही हट्टाला पेटले. शेवटी एकदाचं तिने शिंप्याचं कुटुंब तिसऱ्या प्रकरणात आणलं आणि आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर बसली.

"आई म्हणते, छाप. पण त्यांच्यातलं कोणी घर मागायला येणार नाही ना, तेवढं बघ."

इतका वेळ धरलेला माझा संयम सुटला.

"कोण येणार?" मी ओरडले. "नववं प्रकरण तूच लिहिलंयस ना?"