कोबीतली साखर

बायकोला सांगितलं नाही, पापनिवेदनाला बसलो तेव्हा फादरांनाही सांगितलं नाही. नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या एका ज्यू बाईंच्या तोंडी मी डुकराच्या मटणाची पाककृती घातली.

मुलगी इथं आखातातच वाढलेली, दुबईत कॉलेजला. छावण्यांतून जिवंत परतलेल्या ज्यू बायकांच्या साक्षी हा तिचा प्रोजेक्ट. बायको हे आमच्या शारजातल्या वसईकरांच्या प्रार्थनागटात बोलली आणि ठरलं, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात एक साक्ष मराठीतून वाचायची. भाषांतर माझ्याकडे आलं. गटाचं आभारप्रदर्शन दरवर्षी मी लिहितो, त्यामुळे माझं मराठी चांगलं असा समज आहे.

शारजाहून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या ऑफिसला जाताना ट्रॅफिकमध्ये दीड तास मिळतो. गाडीत मुलीनं दिलेलं इंग्रजी रेकॉर्डिंग लावलं. बाई म्हाताऱ्या, आवाज करकरीत. पाव किती मिळायचा, हजेरीला किती वेळ उभं करायचे, सगळं सरळ सांगत होत्या. मग म्हणाल्या, फळ्यांवर दाटीवाटीनं पडून आम्ही तोंडानं स्वयंपाक करायचो. एकीनं हंसाच्या चरबीत कांदा परतला, कोबी शिजवला आणि शेवटी त्यात साखर घातली. दुसरी म्हणाली, "साखर? तुझ्या सासरी माणसं जेवतात की औषध घेतात?" झालं. दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत. नसलेल्या कोबीतल्या नसलेल्या साखरेवरून.

मी एकटाच मोठ्यानं हसलो. शेजारच्या बसमधले लोक बघायला लागले. तेवढ्यात बाई त्याच आवाजात म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी सकाळी, हजेरीच्या वेळी..."

मी बंद केलं. रेडिओवर गाणी लावली. ते रेकॉर्डिंग पुन्हा उघडलं नाही.

लिहायला बसलो तेव्हा म्हटलं, भांडण लिहिलं तर लोक हसतील. प्रायश्चित्तकाळात ते बरं दिसणार नाही. आणि नुसत्या कोबीवर कोण रडणार? म्हणून कोबी काढला आणि माझ्या आईच्या हातचं डुकराचं मटण घातलं, व्हिनेगरात मुरवलेलं, सोबत आमच्या लग्नांत तळतात ते मैद्याचे फुगे. शेवटी 'आणि एके दिवशी सुटका झाली' असं लिहून टाकलं. ज्यू लोक डुक्कर खात नाहीत हे मला ठाऊक होतं. लिहिताना भूक लागली होती, दुसरं काय सांगू.

वाचन छान झालं. नाकं ओढल्याचे आवाज आले. मग रिटायर्ड नर्स असलेल्या मावशींनी विचारलं, "पण बाबा, ज्यू लोक डुक्कर खातात?"

"मावशी, भुकेला माणूस काहीही बोलतो."

खरं आहे, खरं आहे, असं हॉलभर झालं. मटणापेक्षा मला या वाक्याची जास्त लाज वाटते. त्या बायका भुकेनं काहीही बोलत नव्हत्या. भुकेतसुद्धा साखरेवर अडून बसल्या होत्या.

गटानं ठरवलं, ईस्टर झाला की त्या बाईंच्या आठवणीत तेच जेवण करायचं. दुबईच्या सुपरमार्केटात बिगर-मुस्लिमांसाठी वेगळी खोली असते, तिथून मी सहा किलो मटण घेतलं आणि एसीची सगळी हवा त्याच्यावर सोडून, स्वतः घाम पुसत, ट्रॅफिकमधून शारजाला आणलं.

स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "अहो, दालचिनी किती म्हणाल्या त्या?"

"दोन काड्या."

"अगदी आईंसारखंच की."

"असेल," मी म्हणालो.

मावशींनी दोनदा वाढून घेतलं. "बघा, माणसं सगळीकडे सारखीच," म्हणाल्या. मीही दोनदा घेतलं.

मुलगी वाचनाला नव्हती, आजचं जेवण तिला नेहमीचं ईस्टरचंच वाटत होतं. ती माझ्याशेजारी येऊन बसली. "डॅड, डिड दे लाइक हर?"

"खूप."

"द लास्ट पार्ट... आय हॅड टु स्टॉप थ्री टाइम्स. हाऊ डिड यू ट्रान्सलेट इट?"

"हळूहळू," मी म्हणालो. "फुगे घे, गरम आहेत."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. आपल्यासारखंच बापानंही ते शेवटपर्यंत ऐकलंय, असं तिला वाटलं. मी हललो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, हे मला अजून माहीत नाही. उरलेली बावीस मिनिटं ऐकणं, साक्ष भांडणासकट जशी आहे तशी मराठीत आणणं आणि त्याच हॉलमध्ये उभं राहून वाचणं, एवढं मी त्या बाईंचं देणं लागतो. मुलीला खरं सांगणं त्याच्याही आधी आहे.