जोडीदार येऊ शकतो

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे कवळीवाली म्हणतात. अर्थात तिच्या माघारी. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा पाठवतात, त्यात प्लास्टर ओतून आम्ही जबडा तयार करतो, आणि त्यावर मेणात एकेक दात बसवायचं काम तिचं. चौदा वर्षं ती खिडकीजवळच्या त्याच टेबलावर बसते. तिचा मेण कापायचा चाकू कुणी उचलला तर ती ओरडत नाही. नुसता हात पुढे करते आणि चाकू परत येईपर्यंत उचलणाऱ्याकडे बघत राहते. माझ्याकडे तिनं एकदा तसं बघितलंय. त्यानंतर मी माझा चाकू विकत आणला.

व्हिसाच्या मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा तिनं ते जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढे टाकलं. तारीख, वेळ, सोबत आणायच्या वस्तूंची यादी, आणि शेवटी एकच ओळ: जोडीदार सोबत येऊ शकतो.

"येऊ शकतो म्हणजे यायलाच हवं असं नाही ना?"

"नाही."

"नीट वाच."

मी पुन्हा वाचलं. "आला तरी चालेल, नाही आला तरी चालेल."

"मग नाही येणार," ती म्हणाली आणि पत्र डब्याखाली दाबून जेवायला लागली.

जो येणार नव्हता तो तिचा नवरा. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातली पाच तो परदेशात लिफ्ट दुरुस्त करतोय. ती इथे सासूबरोबर दोन खोल्यांत राहते. तिकडच्या एका लॅबनं तिच्या हातच्या चार कवळ्या मागवून पाहिल्या होत्या आणि वर्षअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो असं लेखी कळवलं होतं. तिला जायचं होतं. नवरा आहे म्हणून नाही, काम आहे म्हणून, असं ती सांगायची. नवरा आहे म्हणूनही होतं, पण ते तिच्या तोंडून कुणी वदवून घेऊ शकलं नसतं. अर्ज मात्र नवऱ्याची बायको म्हणूनच केला होता, आणि ही मुलाखत दुसरी होती. याही वेळी नकार आला तर पुढची पाच वर्षं अर्ज करता येणार नव्हता.

पहिल्या वेळी नवरा सोबत गेला होता. त्याला यादीशिवाय काही करता येत नाही. लिफ्ट तपासतानाही हातात यादी, टिकमार्क, सही. त्यानं संभाव्य प्रश्नांची यादी केली, चौसष्ट प्रश्न, समोर उत्तरं, आणि महिनाभर फोनवर तिच्याकडून पाठ करून घेतली. दोघांमधल्या संदेशांची छापील प्रत फाइलला जोडायची होती. व्हिसा ऑफिससमोर टपरी टाकून बसलेले फॉर्मवाले काका म्हणाले, "भांडणाचे काढून टाका. साहेबलोकांना संसार गोड लागतो." नवऱ्यानं आपल्या फोनमधून पाच वर्षांची भांडणं पुसली आणि उरलेलं छापलं. उरलं काय, तर "जेवलीस का", "जेवले", "झोपलीस का", "हो". असली दोनशे पानं.

अधिकाऱ्यानं ती चाळली. मग तिला प्रश्न विचारले. तिची उत्तरं दुभाषी बाई सांगत होत्या आणि नवरा मध्येच दुभाष्याची भाषा सुधारत होता. अधिकाऱ्यानं त्याला दोनदा गप्प बसायला सांगितलं. तिसऱ्यांदा मुलाखतच संपवली. नकाराच्या पत्रात लिहिलं होतं की हा संबंध खरा असल्याची खात्री पटत नाही.

"नऊ वर्षं मी या माणसाला सहन करतेय," तेव्हा ती मला म्हणाली होती, "आणि तो कोण कुठला मला सांगतो, संबंध खरा नाही."

या वेळी नवरा बारा दिवसांची रजा टाकून आला. नवी यादी घेऊनच. आता सत्त्याऐंशी प्रश्न होते आणि यादीला प्लास्टिकचं आवरण होतं. तिनं ती भांडी घासायच्या ओट्यावर ठेवली. तिथे यादीवर पाणी उडत राहिलं, पण प्लास्टिकमुळे काही बिघडलं नाही, याचाही तिला राग आला.

तिसऱ्या दिवशी तो लॅबमध्ये आला. डबा विसरली होती हे निमित्त. मी शेजारच्या टेबलावर होते, त्यामुळे पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"मी येणार आहे," तो म्हणाला.

"डबा ठेव आणि जा."

"आईलाही तसंच वाटतं. बायको एकटी गेली तर त्यांना वाटेल, नवऱ्याला काही पडलेली नाही."

"मागच्या वेळी तुला फार पडली होती. काय झालं?"

"तू अडखळत होतीस."

"मी विचार करत होते. माणूस आधी विचार करतो, मग बोलतो. तुझं उलटं आहे."

"तुला त्यांची भाषा येते का?"

"दुभाषी कशाला ठेवलाय? शोभेला?"

तो खुर्ची ओढून बसला. तिच्या टेबलाजवळ कुणी बसत नाही. ती एका कवळीचे पुढचे दात बसवत होती. तिनं एक दात गरम चाकूनं सैल केला आणि केसभर तिरका केला.

"हा वाकडा झाला," तो म्हणाला.

"मुद्दाम केलाय. सगळे एका ओळीत बसवले की कवळी लांबून ओळखू येते. हे मला चौदा वर्षांपासून माहीत आहे, आणि तरी मी तुझी ती दोनशे पानं जोडू दिली. चूक माझीच."

"म्हणजे आता आपली भांडणं दाखवणार तू त्यांना?"

"विचारलं तर सांगणार."

"बायकोनं नवऱ्याची इज्जत अशी..."

"इज्जतीला व्हिसा लागत नाही. मला लागतो."

तो उठला. जाताना डबाही परत घेऊन गेला. त्या दिवशी तिनं माझ्या डब्यातलं अर्धं खाल्लं. मला विचारलं नाही.

घरी सासूनं मुलाची बाजू लावून धरली. एरवी सून नवऱ्याला 'तू' म्हणते आणि सासूसमोर 'अहो'. त्या आठवड्यात सासूसमोरही 'तू' सुरू झालं. सासूनं विचारलं, "ही काय भाषा?" ती म्हणाली, "ही आमची रोजची. तुमच्यासाठी वेगळी ठेवली होती." सासू दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मग स्वतःच फॉर्मवाल्या काकांकडे जाऊन आली आणि सांगितलं की काकांच्या मते जोडीदार आलेला बरा. "त्याच काकांनी संसार गोड करायला सांगितला होता," सून म्हणाली, "त्यांची साखर त्यांच्याकडेच राहू दे."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता. टॅक्सीत तो तिच्याआधी बसला. वाटेत दोघं इतकं भांडले की टॅक्सीवाल्यानं रेडिओ बंद केला, ऐकू यावं म्हणून. शेवटी एवढंच ठरलं, की तो बाहेरच्या खोलीत बसेल आणि बोलावल्याशिवाय आत येणार नाही.

आतलं तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. लहान खोली, एक टेबल, एक अधिकारी, बाजूला दुभाषी बाई. टेबलावर तिची जुनी फाइल. अधिकाऱ्यानं सुरुवातीला नेहमीचं विचारलं. नवऱ्याचा पत्ता, कामाच्या वेळा, तिकडे गेल्यावर काय करणार, सासूचं काय. सासू नणंदेकडे राहील, असं तिनं सांगितलं. मग त्यानं ती दोनशे पानं बाजूला सरकवली.

"तुमचं शेवटचं भांडण कधी झालं?"

"आज सकाळी. टॅक्सीत."

"कशावरून?"

"त्यानं इथे यावं की नाही यावरून."

"मग? कोण जिंकलं?"

"तो बाहेर बसलाय. अजून चालू आहे."

दुभाषी बाईंनी हे सांगितल्यावर अधिकाऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, आलेच आहेत तर त्यांनाही विचारू. तिला बाहेर बसवलं, नवऱ्याला आत घेतलं. पाच मिनिटांनी तिलाही बोलावलं. नवरा हाताची घडी घालून बसला होता. दारातूनच तिच्या लक्षात आलं की काहीतरी माती खाल्लीय.

"तुम्ही म्हणता आज सकाळी भांडलात," अधिकारी म्हणाला. "हे म्हणतात, तुमच्यात कधीच भांडण होत नाही, दोघांत पूर्ण समजूतदारपणा आहे. दोघांपैकी एक जण मला खोटं सांगतोय."

समजूतदारपणा हा यादीतला एक्केचाळिसावा प्रश्न होता. तिलाही पाठ होता.

नवरा तिच्याकडे वळून आपल्या भाषेत म्हणाला, "सांग त्यांना, गंमत केली म्हणून."

दुभाषी बाईंनी तेही भाषांतर करून सांगितलं. त्यांचं कामच ते.

आता बोलणं मागे घ्यावं तर आपण खोट्या, आणि न घ्यावं तर अर्ज ज्याच्या जिवावर उभा आहे तो खोटा. दोन्हीकडून व्हिसा जात होता. सोबत आणायच्या यादीत फोन होता, संभाषणाची मूळ नोंद दाखवता यावी म्हणून. तिनं आपला फोन काढला. तिनं कधीच काही पुसलं नव्हतं. तिनं फोन दुभाषी बाईंपुढे ठेवला आणि म्हणाली, "कुठूनही वाचा."

बाईंनी बोट फिरवून मधूनच एक दिवस काढला आणि सपाट आवाजात, बातम्या दिल्यासारखं, एकेक ओळ अधिकाऱ्याच्या भाषेत सांगू लागल्या. तिला ती भाषा कळत नव्हती. नवऱ्याला कळत होती. काय वाचलं जातंय ते तिला त्याच्या कानांवरून समजत होतं. कान आधी गुलाबी झाले, मग लाल. आईच्या गुडघ्याचं औषध बदललं ते मला शेजाऱ्यांकडून का कळतं. कारण तू फोन उचलत नाहीस. मी लिफ्टच्या खड्ड्यात होतो. मग तिथेच राहा. राहतो. किती दिवस. तुझं डोकं थंड होईपर्यंत. मग म्हातारा होशील खड्ड्यात. औषध कुठलं ते तरी सांग. सांगत नाही. सांग. गोळ्यांचा फोटो पाठवलाय, डोळे उघडून बघ.

वीस मिनिटं हे चाललं. नवरा मध्येच म्हणाला, "हे खाजगी आहे." अधिकारी म्हणाला, "हे तुम्ही मागच्या वेळी दिलं असतं तर आज इथे यावंच लागलं नसतं." मग त्यानं तिचा पासपोर्ट आपल्या खणात टाकला. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला, हे त्या ऑफिसबाहेर उभ्या असलेल्या कुणालाही माहीत असतं.

बाहेर फुटपाथवर नवरा तिच्या चार पावलं पुढे चालत होता.

"चार लोकांत माझी लाज काढलीस."

"दोनच होते."

"तुला नवरा नको होता. व्हिसा हवा होता."

"मला दोन्ही हवं होतं. दोन्ही घालवायची तयारी तू करून आला होतास."

टॅक्सीत तो पुढे, टॅक्सीवाल्याशेजारी बसला.

घरी सासू वाटच बघत होती. "काय विचारलं?"

"हिलाच विचार," तो म्हणाला. "आपलं सगळं घर तिथे वाचून दाखवलं हिनं."

"फोनमधलं?" सासूनं सुनेकडे पाहिलं. "त्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय?"

फोन टेबलावर होता. सासूनं हात पुढे केला. तो पोचायच्या आत नवऱ्यानं फोन उचलला, खिशात टाकला आणि म्हणाला, "चार्जिंग संपलंय." ती चार्जर शोधायला लागली.

सासू आंघोळीला गेल्यावर तिनं फोन परत मागितला.

"आधी आईबद्दलचं काढून टाक," तो हळू आवाजात म्हणाला.

"ते निम्मं तूच लिहिलंयस."

"म्हणूनच म्हणतोय."

"एक अक्षर काढणार नाही," ती म्हणाली आणि हात पुढे करून, त्याच्याकडे बघत उभी राहिली.