पुलीवरची पिवळी रेघ

आमच्या ह्यांना सगळे ट्रक ड्रायव्हर पाठीमागे 'पिवळे मिस्त्री' म्हणतात. गॅरेजमध्ये दुसऱ्या कुणीही आवळलेला बोल्ट हे स्वतः पाना लावून पुन्हा तपासतात आणि मग त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढतात. बोल्ट जरा जरी फिरला की रेघ तुटते, म्हणजे कुणीतरी हात लावला. हा 'कुणीतरी' ह्यांच्या फार जवळचा. घरी तो म्हणजे अर्थात मी.

गॅरेजमध्ये तो म्हणजे माझे धाकटे दीर. भावजी ह्यांच्याच हाताखाली शिकले, आता त्यांचेही केस पिकले, तरी ते जेवायला गेले रे गेले की हे त्यांच्या कामावर पाना घेऊन हजर. भावजी कधी चकार शब्द बोलले नाहीत. ह्यांची कंबर धरायला लागली तेव्हा मी म्हटलं, गॅरेजच्या किल्ल्या धाकट्याला द्या आणि निवांत बसा. ह्यांना ते पटलं, पण भावजींनीच नाही म्हटलं.

"वहिनी," ते मला एकटीला म्हणाले, "दादा ज्या दिवशी माझं काम न बघता गाडी सोडेल, त्या दिवशी किल्ल्या घेईन."

मी ते ह्यांच्या कानावर घातलं. हे पिवळ्या रंगाचा डबा उचलून पुढच्या गाडीकडे वळले. मीही नाद सोडला.

नंतर काही दिवसांनी एक निळा ट्रक परत आला. ह्या बोलण्यानंतरच भावजींनी त्याचा वॉटर पंप बदलून दिला होता. आता इंजिनाच्या पुढून खडखड आवाज आणि खाली पाण्याची धार. ड्रायव्हर दार आपटून उतरला.

"नवा पंप घातलात, की जुनाच पुसून लावलात?"

"खोक्यातून मी काढून दिलाय," मी काउंटरवरून म्हटलं. तर त्यानं माझ्याकडेही संशयानंच पाहिलं.

"पुली काढून बघतो," हे म्हणाले आणि भावजींकडे वळले. "तू लांब उभा राहा. कशाला हात लावू नकोस."

सगळ्यांसमोर. भावजींचा चेहरा एवढासा झाला.

पंपाची पुली, म्हणजे त्याचं बेल्टवर फिरणारं चाक, काढताना आमच्याकडे बेल्ट आधी उतरवत नाहीत. ताणलेला बेल्ट पुलीला धरून ठेवतो, नाहीतर पान्याबरोबर तीही गरगर फिरत बसते. ह्यांनी पंखा बाजूला केला, पहिल्या बोल्टला पाना लावला, कंबर सांभाळत जोर लावायला खांदा उचलला आणि बोल्ट अलगदच फिरला. दुसरा बोटांनी निघाला. तिसराही. चौथ्याच्या जागी नुसतं भोक होतं, तेही घासून लांबट झालेलं. पिवळी रेघ कुठेच नव्हती. बेल्ट उतरवल्यावर पुली न ठोकताच हातात आली. मागे पंपाचं बेअरिंग खिळखिळं.

"हे मुद्दाम केलंस," हे म्हणाले.

खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. पलीकडच्या नव्या गॅरेजवाल्याशी भावजींना कुजबुजताना मी दोनदा पाहिलं होतं. किल्ल्या नको म्हणायचं कारण हेच तर नसेल?

भावजी मात्र पुलीकडेच बघत होते. "रेघ कुठाय?"

"कसली रेघ?"

"तुझी रेघ, दादा. तू बघितलं नव्हतंस?"

ह्यांनी पाना पुसायला घेतला. "नव्हतं बघितलं," हे म्हणाले. "तुझी अट होती ना. तशीच सोडली गाडी."

भावजींनी पुलीचं लांबट भोक बोटानं चाचपलं. "मला काय माहीत? मी तर बोल्ट हातानंच लावून ठेवतो, कित्येक वर्षं. मागून येऊन तू आवळतोसच, मग दोघांनी कशाला आवळायचं?"

"म्हणजे माझ्या गाडीचे बोल्ट कुणीच आवळले नव्हते?" ड्रायव्हरनं विचारलं.

मला दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली. पण भावजींवर संशय घेतल्याची लाज वाटली म्हणून मुकाट्यानं नवा पंप आणि नवी पुली काढून दिली.

ह्या वेळी बोल्ट ह्यांनी स्वतः आवळले. कण्हत, दात खात, कुणालाही जवळ येऊ न देता. मग हात पुसले आणि किल्ल्यांचा जुडगा पंपाच्या रिकाम्या खोक्यावर ठेवला.

"घे. एक गाडी सोडली न बघता."

भावजींनी किल्ल्यांना हात लावला नाही. त्यांनी पाना उचलला, इंजिनात वाकले आणि ह्यांचा एकेक बोल्ट तपासू लागले. आजवर ह्यांच्या कामावर कुणी पाना लावला नव्हता. मी ह्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. पहिले तीन बोल्ट जागचे हलले नाहीत. चौथा चांगला अर्धा फेरा फिरला.

भावजींनी तो आवळला आणि मागे न बघता हात पुढे केला. ह्यांनी पिवळा डबा उघडला, झाकण सांभाळत त्यांच्या हातात दिला.

रेघा ओढून झाल्यावर भावजींनी किल्ल्या खिशात टाकल्या.

"चौथा परत बघ," हे म्हणाले. "मला आता भरवसा नाही माझा."